सव्वीस चुलींचं एक घर

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

आमच्या गावातली गरिबी संपली. मला दुपारी सव्वाबाराला कळलं, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर गुलाबाची फुलं, खाली 'आपले गाव गरिबीमुक्त घोषित, सर्वांचे अभिनंदन'. धडाधड अंगठे पडले. मी पण एक टाकला — सवयीने.

तेवढ्यात अंगणवाडीच्या दारात गुणाबाई. हायवेवरच्या वडपे गावात एका गोदामात पुठ्ठे आवरते, झाडू मारते. मुलगी वारली, जावयाने दुसरं लग्न केलं, दोन्ही नाती हिच्या गळ्यात. दोघी माझ्याच अंगणवाडीत येतात. हिचं पिवळं कार्ड आहे. महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळतं, घर त्याच्यावरच उभं आहे. म्हणाली, "रेशनवाला बोलतो नाव न्हाय. मशीन पण न्हाय बोलतं. मी मेली का गं ताई?"

म्हटलं, तू मेली नाहीस. तू श्रीमंत झालीस.

तिला हसू आलं नाही. मलाही यायला नको होतं.

८ ऑगस्ट

गुणाबाई एकटी नाही. ती राहते त्या चाळीत सव्वीस खोल्या, आणि सगळ्यांची कार्डं एकाच दिवशी बंद. म्हणून आज मारुतीच्या देवळासमोर सभा झाली. 'गरिबी हटाव कृती समिती' स्थापन! शासनाने ठोस पावलं उचलावीत, अशी मागणी एकमताने मंजूर.

अध्यक्ष केसरीनाथशेठ. कारण खुर्च्या त्यांच्या, माईक त्यांचा, आणि सावली पण त्यांच्याच गाडीची. हायवेला तीन गोदामं आहेत. चाळही त्यांचीच, ती गुणाबाईची. माणूस वाईट नाही. भाषणात गरिबीवर बोलताना डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, मी पुढेच बसले होते. "शासनाला जाब विचारल्याशिवाय हा केसरीनाथ गप्प बसायचा न्हाय!"

मी सचिव. अक्षर चांगलं म्हणून.

१३ ऑगस्ट

बॅनर लागला. शेठचा फोटो मागणीपेक्षा मोठा आहे. 'गरिबी' शब्दावर त्यांचा खांदा आलाय, त्यामुळे लांबून फक्त 'हटाव' दिसतं.

२२ ऑगस्ट

निवेदन घेऊन तहसीलच्या पुरवठा ऑफिसला गेलो. साहेब सभ्य निघाले. बसा म्हणाले, स्क्रीन फिरवून दाखवली. "हे बघा. घर नंबर दोनशे चौदा. एका घर नंबराला एक कुटुंब. कुटुंबप्रमुखाकडे चारचाकी, तीन गोदामं, इन्कम टॅक्स भरतात. कुटुंबातले सदस्य एकशे नऊ. यांना रेशन कसं देणार?"

शेठ पोट धरून हसले. "कोण हाय ह्यो शेठ, येवढा गोतावळा पोसणारा?"

साहेबांनी नाव वाचलं. शेठचंच.

मग साहेब म्हणाले, मे महिन्यातल्या सर्व्हेत हे असं भरलं गेलंय, कोणी भरलं ते कोडवरून कळेल. स्क्रीनवर कोड होता. शेवटचे तीन आकडे मला पाठ आहेत, कारण तो कोड माझा आहे.

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

२३ ऑगस्ट

लिहून टाकते. इथे तरी.

मे महिना. आम्हा सेविकांना सर्व्हेची ड्युटी. मोबाईलवर भरायचं. घर नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. चाळीतल्या खोल्यांना नंबरच नाही. आमच्याकडे कोणाच्याच चाळीला नसतो. शेताच्या बांधावर खोल्या उठतात, भाडं सुरू होतं, पण पंचायतीच्या दप्तरात मालकाचं एकच घर. सगळ्यांना माहीत असतं. उन्हाने डोकं उठलेलं. शेठच्या ओटीवर पंख्याखाली बसले, त्यांनी सरबत दिलं, घरपट्टीची पावती दिली. त्यावर २१४. तोच नंबर मी सव्वीस वेळा टाकला. तासाभरात काम उरकलं, घरी गेले, झोपले.

म्हणजे गावातली गरिबी मी संपवली. सरबत पिता पिता.

२४ ऑगस्ट

रवींद्रला सांगितलं नाही. नवऱ्याला सगळं सांगावं असं कुठे लिहिलंय?

९ सप्टेंबर

शेठना गाठलं. म्हटलं, सोपं आहे. प्रत्येक खोलीला वेगळा घर नंबर द्या, पंचायतीत अर्ज टाका, सव्वीस कुटुंबं वेगळी दिसतील, कार्डं सुरू होतील. तुमची फक्त एक सही.

"येवढंच ना? करू की!" मग चहा आला. मग हळूच — "पन बाई, नंबर दिला का खोली रेकॉर्डला येते. खोली रेकॉर्डला आली का लोक विचारतात, बांधायची परवानगी कुठंय. मग घरपट्टी. मग नोटीस. त्यापरीस आपन शासनाशीच लढू. शासन काय, मोठं हाय. त्याला झेपतं."

१८ सप्टेंबर

साखळी उपोषणाचा पहिला दिवस. शेठची पाळी दहा ते एक. नाश्ता करून बसले, जेवायला उठले. पेपरवाल्याने फोटो काढला.

गुणाबाईला म्हटलं, तू पण बस ना, तुझ्यासाठीच चाललंय. म्हणाली, "उपासाला मंडपात कशाला येऊ? मी घरीच करते." टोमणा नव्हता. तिची शिफ्ट होती, ती निघून गेली.

दुपारी नातींना न्यायला आली तेव्हा पातेल्यात खाली लागलेली खिचडी बघत उभी राहिली. मागितली नाही. मी डब्यात भरून दिली तर म्हणाली, "पोरींना." पोरी जेवलेल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली. एवढी की घरी येऊन मी भांडी दोनदा घासली.

२ ऑक्टोबर

रवींद्रला सांगितलं. तो एका गोदामात इलेक्ट्रिशियन आहे, दर महिन्याच्या कंत्राटावर. सगळ्या गोष्टींत आधी मेन स्विच शोधतो. विचारलं, "चूक कोणाची?" माझी. "मग लिहून दे. त्यात काय एवढं?" म्हटलं, माझं मानधन गेलं तर? त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाला, "माझी नोकरी आहे अजून. महिनाअखेरपर्यंत तरी आहे."

पत्र लिहिलं. सव्वीस कुटुंबं वेगळी आहेत, नंबर मी चुकीचा भरला, फेरतपासणी व्हावी. अक्षर नेहमीसारखं नाही आलं.

१४ ऑक्टोबर

साहेब स्वतः आले तपासणीला. मला वाटलं, सुटलो.

पण काल शेठ चाळीत फिरून गेलेले. धमकी नाही, शिवी नाही. प्रत्येक दारात थांबून एवढंच — "साहेबाला सांगा, आपन सगळी एकच घरातली. आपलीच मानसं हाव ना?" ज्याच्या छपराखाली झोपायचं, त्याचं बोलणं बरोबर कळतं.

साहेब दारोदार विचारत गेले. ओडिशाचा पॉवरलूम कामगार म्हणाला, "हम भतीजा है साहब." सोलापूरचे म्हातारे शेठपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, ते म्हणाले धाकटा भाऊ. आझमगडच्या शकीलने जरा विचार केला आणि म्हणाला, "घर के ही समझो." साहेबांनी घरचा म्हणून लिहिलं.

गुणाबाईने माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. "मी त्यांची बहीण. पाठची."

साहेब न हसता लिहीत होते. शेवटी पंचनामा वाचून दाखवला. वरील सर्व माझ्या कुटुंबातील आहेत — खाली शेठची झोकदार सही. माझं पत्र खोटं ठरलं.

साहेब गेल्यावर मी गुणाबाईला घेरलं. असं का केलंस? तुझ्यासाठी मी पायावर धोंडा मारून घेतला! ती कपडे वाळत घालत होती. "ताई, खोली गेली तर कार्ड कुठल्या पत्त्यावर घेऊ?"

मी चिमटे धरून उभी राहिले.

१७ ऑक्टोबर

आज जागतिक दारिद्र्य निर्मूलन दिन. शेठने मांडव घातला. गावाला प्रमाणपत्र मिळालं, आणि अचूक सर्वेक्षणाबद्दल माझा सत्कार. शाल, श्रीफळ. त्याच मांडवात, त्याच माईकवरून, शासनाने गरिबी त्वरित हटवावी असाही ठराव झाला. तो मीच वाचला. शाल पांघरूनच.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज जे झालं ते गुणाबाईच्या तोंडून ऐकून माझा चहा नाकात गेला.

गुणाबाई सकाळी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून, ताटात निरांजन आणि सुपारी घेऊन शेठच्या बंगल्यावर गेली. ओवाळायला. शेठ पाटावर बसलेले, ओसरीवर त्यांचे वकील फराळाला आलेले. वकिलांनी विचारलं, ह्या कोण? शेठ काही बोलायच्या आत हीच — "बहीण. सरकारी कागदावर सही हाय भावाची." पंचनाम्याची झेरॉक्स पदराला बांधून नेलेली!

आमच्याकडे हायवे आला, गोदामं आली, तेव्हापासून बहीण म्हणजे सातबारावरचं नाव. जमिनीचा कुठलाही सौदा घ्या, शेवटी कुठल्या तरी बहिणीच्या सहीवाचून अडकलेला असतो. शेठच्या सख्ख्या बहिणीचं हक्कसोड घ्यायला दोन वर्षं आणि अर्धा डझन पैठण्या लागल्या. आणि आता सरकारी पंचनाम्यात दुसरी बहीण, पुतणे, भाऊ, घरचा शकील! चौथ्या गोदामाचा सौदा ठरत आलाय म्हणे. वकील म्हणाले, "कोर्टात टिकणार नाही, पण समोरची पार्टी कागद बघूनच पळेल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? लाडू पण घशात अडकला त्यांच्या. ओवाळणी टाकलीन पन्नास रुपये."

तू हे ठरवून गेलेलीस? "मी ओवाळायला गेलेली," म्हणाली. चेहरा एकदम सरळ. ह्या बाईला मी इतके दिवस बिचारी समजत होते.

२५ ऑक्टोबर

केसरीनाथशेठ आमच्या घरी! विहाराच्या गल्लीत मत मागायला येतात, ते सोडून पहिल्यांदा. "जयभीम बाई," म्हणाले, आपणहून. सोबत हक्कसोडपत्र. गुणाबाई तुमचं ऐकते, तिचा अंगठा घेऊन द्या, मग बाकीचे देतील.

गुणाबाईला बोलावलं. कागद उलटासुलटा बघितला. "देते की अंगठा. मला नको तुमचा जमीनजुमला. पहिले सगळ्या खोल्यांना नंबर द्या."

"तुझ्या खोलीला उद्या देतो."

"सगळ्या. भतीजा पण हाय, शकील पण हाय. आन कोनची खोली खाली करायची न्हाय, त्ये पण लिवा."

शेठनी रुमालाने मान पुसली. रवींद्र पंखा वाढवायला उठला, आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून हसत राहिला.

११ नोव्हेंबर

२१४/१ ते २१४/२६. दारादारावर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या. गुणाबाईने अंगठा दिला आणि मला म्हणाली, "तीन गोदामं सोडली मी आज."

५ डिसेंबर

नव्या नंबरांवर फेरतपासणी झाली, कार्डं चालू झाली. गावाचं प्रमाणपत्र अर्थातच गेलं. गावात पुन्हा गरीब आहेत.

समितीची तातडीची सभा झाली. शेठ भयंकर भावुक. गावाची अब्रू गेली, चुकीचा सर्व्हे कोणी केला, दोषीवर शासनाने कठोर कारवाई करावी. एकमताने मंजूर. सचिव म्हणून ठराव मी लिहिला. दोषीचं नाव लिहिताना विचारलं, वडिलांचं लावू की नवऱ्याचं? शेठ म्हणाले, "नवऱ्याचंच लाव. राग नको धरूस बाई, समितीचं काम हाय."

२९ डिसेंबर

चौकशी होईपर्यंत मानधन बंद. अंगणवाडी मदतनीस बघेल. रवींद्रच्या गोदामाने महिनाअखेरीला वीस जण कमी केले. त्यात तो.

४ जानेवारी २०२६

सकाळी गुणाबाई आली. डोक्यावर पिशवी, रेशनचे तांदूळ. "खडे निवडलेत," म्हणाली.

मी नको म्हणायला तोंड उघडलं. मग घेतले.