‘देण्यात यावे’ म्हणजे कोणी द्यावे

मी, रूपाबाई देविदास आडे, वय एकाहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, माहेर बाळापूरकडच्या राठोडांच्या तांड्यावरचं, सध्या राहणार कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि त्यांनी खाली सही केली की नुसता शिक्का मारला, तेही मी पाहून घेतलं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेलं नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

पहिला मसुदा तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या मुन्ना टायपिस्टानं केला होता. त्यात होतं : घर मुलास देण्यात यावे, ठेव नातीस देण्यात यावी, अंत्यविधी करण्यात यावेत.

मी विचारलं, “मुन्ना, देण्यात यावे म्हणजे कोणी द्यावे?”

“मॅडम, कायद्याची जुबान अशीच राहती. बराबर हाय ते.”

“बराबर असंल. पण मी गेल्यावर हे वाचून प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघंल.”

मुन्नानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “मग तुमीच लिवा. मी टाइप करतो.”

म्हणून हा कागद माझ्या शब्दांत आहे. यात ज्यानं जे करायचं, त्याचं नाव त्या वाक्यात आहे.

कलम १. घर. कळमनुरीचं दोन खोल्यांचं आणि ओट्याचं घर मी आणि माझे पती देविदास यांनी आमच्या पगारातून बांधलं. देविदास एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, ते वारले. हे घर मी माझा मुलगा सुदाम याला देते. सुदाम पुण्याला नोकरी करतो. मागच्या वेळी आला तेव्हा भिंतीकडं बघत म्हणाला, “आई, पुढंमागं हे घर विकलंच जाईल.”

मी म्हटलं, “कोण विकणार?”

त्यानं भिंतीचा पोपडा नखानं काढला. मग म्हणाला, “मी.”

“मग तसं म्हण. मला राग न्हाई.”

सुदामनं घर विकायला माझी हरकत नाही. मात्र पुढच्या खोलीत निलम इंग्रजीचा वर्ग घेते. घर विकायच्या एक वर्ष आधी सुदामनं स्वतः इथं यावं, खुर्चीवर बसावं आणि निलमला तोंडानं सांगावं, “मी घर विकतोय.” फोनवर नाही, दलालाच्या तोंडून नाही. तोवर ती खोली, फळा आणि बाकं निलमनं वापरावीत, भाडं न देता. निलम कोण, हे पुढं येईल.

कलम २. ठेव. बँकेतली मुदत ठेव मी नात सृष्टी सुदाम आडे हिला देते. तिनं ती शिक्षणाला लावावी. काय शिकायचं ते तिनं ठरवावं.

कलम ३. हत्यारं. देविदासांची पान्यांची पेटी जगनला द्यावी; सुदामनं ती त्याच्या गॅरेजवर नेऊन द्यावी. जगन देविदासांच्या हाताखाली शिकला. माझे दोन्ही शब्दकोश निलमनं घ्यावेत. मोठ्याची शिवण उसवली आहे, तिनं ती शिवून घ्यावी.

कलम ४. राग. हे कलम मुन्नाला पटलेलं नाही. तो म्हणाला, राग ही मिळकत नव्हे. माझ्या मते आहे. ती वडिलोपार्जित नाही, माझी स्वकष्टार्जित आहे, त्यामुळं तिची विल्हेवाट लावायचा हक्क माझाच. ती कशी मिळवली ते सांगते.

माझे थोरले भाऊ रतनसिंग यांनी तालुक्यात शाळा काढली आणि तिचे चेअरमन झाले. तांड्यावरच्या लेकरांना जवळ शाळा नव्हती, ती त्यांनी आणली, हे त्यांचं काम मोठं आहे आणि ते मी आधी लिहिते. मी बी.ए. झाले तेव्हा तांड्यातली बाई इंग्रजी शिकवणार यावर लोक हसत होते. भियानं मला नोकरी दिली. भाऊ म्हणून त्यांना मी भिया म्हणायची आणि शाळेत सर.

शाळेच्या मागं पाण्याची टाकी होती, लोखंडी स्टँडवर. स्टँडचे पाय गंजले होते. एका सकाळी पाणी येईना म्हणून शिपाई ग्यानबा वर चढला आणि स्टँड टाकीसकट खाली आलं. ग्यानबाचा डावा पाय गुडघ्याच्या खाली काढावा लागला.

कर्मचाऱ्यांचा विमा होता. कंपनीनं अपघाताची हकिगत इंग्रजीत मागवली. भियानं मला ऑफिसात बोलावलं आणि मराठीत सांगत गेले, मी इंग्रजी करत गेले. “सुरक्षेच्या सूचना देण्यात आल्या होत्या. सूचनांचं पालन करण्यात आलं नाही.” मी लिहिलं, ‘इन्स्ट्रक्शन्स वेअर गिव्हन. दे वेअर नॉट फॉलोड.’ व्याकरणात एकही चूक नव्हती.

त्याच दिवशी मी नववीला पॅसिव्ह व्हॉइस शिकवत होते. तो काय असतो ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : ‘जगननं टायर बदललं’ यात जगन पुढं असतो. ‘टायर बदललं गेलं’ म्हटलं की टायर पुढं येतं आणि जगन मागं जातो, किंवा वाक्यातून उठूनच जातो. मराठीत आपण ‘जाणे’ जोडतो, इंग्रजीत ‘बी’चं रूप आणि क्रियापदाचं तिसरं रूप. लेकरांना मी सांगायची, वाक्य परत उलटून बघा, कर्ता सापडतो का. हाताला सवय होती. मी भियासमोर बसून ती दोन वाक्यं मनात उलटली. दुसरं उलटलं, ‘ग्यानबानं पालन केलं नाही.’ पहिलं उलटेना.

“भिया, सूचना कोणी दिल्या?”

“दिल्या गेल्या.”

“व्हय, पण कोणी?”

“रूपी, तुला इंग्रजी करायला बोलावलं. चौकशी करायला न्हाई.”

कागद मी सही न करता पिशवीत घातला आणि नांदेडला दवाखान्यात गेले. ग्यानबा जागा होता. बायको पायथ्याशी बसून होती, जिथं पाय नव्हता त्या बाजूला. मी विचारलं, “ग्यानबा, वर चढू नको असं तुला कोणी सांगितलं होतं का?”

तो म्हणाला, “न्हाई बाई. उलट मी म्हनलं, सर, पाय गंजून राहिलेत याचे. सर म्हनले, पाच मिनिटाचं काम हाय, चढ.”

“कोणते सर?”

“काहून इचारता बाई? तुमचेच भाऊ.”

परतीच्या बसमध्ये मी काय विचार केला ते मला आता खरंच आठवत नाही. घरी आल्यावर देविदासांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “लिहिशील तर नोकरीवर येईल. न लिहिशील तर झोपंवर येईल.” एवढंच बोलून हात धुवायला गेले.

मी तीन वाक्यं लिहिली. ‘द चेअरमन टोल्ड ग्यानबा टू क्लाइंब. ग्यानबा क्लाइंब्ड. द स्टँड कोलॅप्स्ड.’ खाली माझं नाव. एवढी साधी इंग्रजी मी पाचवीला शिकवायची. कंपनीनं चौकशी केली, ग्यानबाला भरपाई मिळाली, आणि त्यानं बस स्टँडजवळ पानटपरी टाकली. ती आता त्याचा मुलगा चालवतो.

मला आलेल्या कागदावर होतं, ‘आपली बदली करण्यात येत आहे.’ क्लार्कला विचारलं, कोण करतंय? तो म्हणाला, “मॅडम, वरून आलंय.” वर छतच होतं. संस्थेची एक शाखा सेनगावकडं, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढं होती. देविदासांनी सामान टेम्पोत टाकलं आणि म्हणाले, “तिथंबी फळा राहतोच की.” भियानं मला राखीला बोलावणं बंद केलं. मीही राखी पाठवणं बंद केलं. माझा राग असा जमला.

त्या शाखेत मी लेकरांना पॅसिव्ह व्हॉइस शिकवायची तो परीक्षेपुरता. लिहिताना मात्र चालू देत नव्हते. कर्ता लपवणारं वाक्य म्हणजे लबाडाचं वाक्य, असं सांगायची. निलम मला तिथं भेटली. तिची आई ती लहान असताना वारली. ‘मायसेल्फ’ या निबंधात तिनं लिहिलं होतं, ‘आय वॉज ब्रॉट अप बाय माय ग्रँडमदर.’ मी लाल पेनानं खोडून लिहिलं, ‘माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप.’

ती वही घेऊन टेबलाजवळ आली. “बाई, असं केल्यावर ते आजीचं वाक्य झालं.”

“मग आजीनंच वाढवलं ना तुला?”

“व्हय. पन निबंध तर माझ्यावर हाय. सगळ्या वाक्यात मी म्होरं हाय, एका वाक्यातच आजी मधी घुसली. आन् आजीचं नाव मी गाळलं कुठं? शेवटी हायच की ती.”

मी लाल पेन पुन्हा उचललं. मग त्या लाल ओळीवर रेघ मारली.

त्या दिवसापासून मला या गोष्टीचं वेड लागलं. गोष्ट कोणाची चालली आहे, तो पुढं. कर्ता तितका महत्त्वाचा नसेल तर मागं. कुरुंद्याला हळदीच्या गोदामात व्यापाऱ्याला माहिती देताना कोणी ‘जळबा हळद शिजवतो’ म्हणत नाही. ‘टर्मरिक इज बॉइल्ड, ड्राइड अँड पॉलिश्ड’ म्हणतात, कारण गोष्ट हळदीची आहे. मोबाइल चोरीला गेला तर ‘माय फोन वॉज स्टोलन’. चोराचं नाव ठाऊक असतं तर पोलिसांकडं कशाला गेलो असतो? ‘आय वॉज टोल्ड’ म्हणून ज्यानं सांगितलं त्याला झाकताही येतं, आणि कधी झाकावंही लागतं, कारण सांगणारा गरीब असतो. म्हणजे झाकणं वाईट नाही. कोणाला झाकलं आणि कोणावर टाकलं, ते बघायचं.

निलमनं पुढं एम.ए. केलं आणि वर्ग काढला. तिच्याकडं दुकानदार पोरं येतात, दवाखान्यातल्या नर्सा येतात. एकीनं विचारलं, चुकीची गोळी दिली तर पेशंटला इंग्रजीत काय सांगायचं, ‘यू वेअर गिव्हन द राँग टॅब्लेट’ चालेल का? निलम म्हणाली, “व्याकरणात चालतं. पन तो पेशंट तू असतीस तर तुला काय ऐकायचं असतं?” नर्स म्हणाली, “आय गेव्ह.” मी आतल्या खोलीत भाजी निवडत होते, ते ऐकलं. असं उत्तर मला सुचलं नसतं.

मी निवृत्त होऊन कळमनुरीला परत आले त्यानंतर भिया एकदा आले. काठी टेकत आले आणि ओट्यावर बसले. आवाज पडला होता. म्हणाले, “रूपी, चूक झाली.”

‘चूक झाली’ हे व्याकरणात पॅसिव्ह नव्हे. कर्ता लपवायला मराठीनं ही निराळीच खोली बांधून ठेवली आहे. भिया रस्त्याकडं बघत राहिले. एक ट्रॅक्टर गेला, धूळ बसली. मग म्हणाले, “माझ्याकडून.”

इंग्रजीत शेवटी येणारा तो ‘बाय’चा तुकडा गाळला तरी चालतो, हे मी हजारो लेकरांना शिकवलं. भियांनाही गाळता आला असता. ते तेवढ्यासाठी तालुक्याच्या त्या टोकापासून काठी टेकत आले होते. ही पुरी माफी झाली का? ‘मी चूक केली’ असं ते म्हणाले असते तर जास्त झालं असतं का? मी हे वाक्य अजून उलटून पालटून बघते. त्या दिवशी मी चहा ठेवला. त्यांनी विचारलं, “साखर किती टाकून राहिलीस? मला बंद हाय.” पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

भियांचं ग्यानबाकडं जाणं राहिलं. मी त्यांना जा म्हणाले होते. ते गेले नाहीत. तेवढा राग माझ्याकडं शिल्लक आहे.

तो मी कोणालाही वारशानं देत नाही. सुदाम अजून भियाच्या मुलांशी बोलत नाही. माझ्यासाठी बोलत नाही, असं तो समजतो. माझ्या पश्चात त्यानं त्यांच्या घरी जावं आणि जेवून यावं. नाही गेला तर तो राग त्याचा स्वतःचा. माझ्या नावावर त्यानं तो चालवू नये.

कलम ५. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं सुदामनं पार पाडावं. तो आजारी असेल तर सृष्टीनं. ‘कार्यवाही सुरू आहे’ असं दोघांनीही कोणाला सांगू नये.

कलम ६. माझी बातमी. मागच्या दिवाळीत सृष्टी पाय चेपत बसली होती. म्हणाली, “आजी, ‘आय वॉज बॉर्न’ हे पॅसिव्ह आहे ना? मग ‘आय डाइड’ का नाही?”

मी म्हटलं, “मरायचं आपलं आपल्यालाच. ते दुसरं कोणी करत नाही, म्हणून उलटत नाही.”

“आणि जन्म? त्याचा कर्ता कुठं गेला?”

एवढी वर्षं लेकरांच्या निबंधात ते पहिलं वाक्य मी तपासलं. ‘बाय’चा तुकडा कोणी लिहिला नाही, मी कोणाला मागितला नाही, इंग्रजीत तशी रीतच नाही. मी सृष्टीला सांगितलं, कर्ता माझी याडी. याडी म्हणजे आई, आमच्या बोलीत. तिचं नाव गोजरबाई. ती तलावाच्या मातीकामावर होती. कळा आल्या तेव्हा तिनं पाटी खाली ठेवली, बाभळीच्या आडोशाला गेली, मला जन्म दिला, आणि थोड्याच दिवसांनी मला झोळीत टाकून पुन्हा पाटी उचलली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ती नाही, सेवापुस्तकात नाही. तिला सही येत नव्हती, त्यामुळं तिच्या हातचाही कागद कुठं नाही.

म्हणून सुदामनं पेपरात आणि गावच्या ग्रुपवर बातमी द्यायची ती अशी द्यावी. पहिलं वाक्य : गोजरबाईनं रूपाबाईला जन्म दिला. शेवटचं वाक्य : रूपाबाई मेली. मधलं सुदामनं लिहावं.

वरील मजकूर मुन्नानं टाइप केला, मी वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : कळमनुरी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) रूपाबाई देविदास आडे

आम्ही रूपाबाईंना सही करताना पाहिलं. त्यांनी आम्हाला सही करताना पाहिलं.

१. (सही) वैजनाथ माणिकराव पतंगे, निवृत्त गणित शिक्षक, कळमनुरी
२. (सही) जळबा सटवाजी खिल्लारे, हळद उत्पादक, कुरुंदा