बाझीलचा विस्तव

१२ ऑक्टोबर १८३४

— आणि मी त्याला म्हणाले, "बाजूला हो, माझा उजेड अडवतोयस." एवढंच म्हणाले.

मी दाराशी मासे साफ करत बसले होते. धुराडं आदल्या दिवशी नव्यानं लिंपलं होतं, म्हणून चूल गार होती. कुत्र्यांना खायला घालून झालं होतं, पाणी आणायचं राहिलं होतं. बाझील गुडघ्यांवर बसून चकमक झाडत होता. गारगोटीवर काळी जळकी चिंधी अंगठ्यानं दाबून धरलेली, वरून पोलादाचा फटका. ठिणगी चिंधीत शिरली की तो हसायचा, जणू आयुष्यात पहिल्यांदाच जमलंय! मग भूर्जाच्या सालीचे पापुद्रे हातात घेऊन त्यात ती चिंधी ठेवली, तोंडाशी नेऊन फुंकर घातली. दाढीतून धूर निघायला लागला. त्याची आई कोपऱ्यातून म्हणाली, "आधी चूल पेटव रे, दाढी मग!"

आज त्या गोष्टीला वर्ष झालं. तो विस्तव अजून चुलीत आहे. मी विझू दिलेला नाही.

१५ ऑक्टोबर

संध्याकाळी निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरायचे. सोपं आहे. उन्हाळ्यात मासेमारीच्या मुक्कामाला गेलो तेव्हा भूर्जाच्या खोडावरची काळी आळंबी पेटवून, मातीच्या गोळ्यात बसवून, मांडीवर धरून होडीतून नेली. ती जळत नाही, नुसती आतून धुमसते. येतानाही तशीच आणली. होडीतले लोक हसत होते. "जोझेत लेकरू घेऊन चाललीय!"

हसू देत. मूल झालं नाही आम्हाला.

१९ ऑक्टोबर

ओढ्याच्या कडेला पातळ बर्फ धरलंय. मागच्या नोव्हेंबरात असंच धरलं होतं, आणि बाझीलला वाटलं पेलेल.

लिहून टाकते एकदा. तो ओढ्याच्या तोंडाशी बर्फातून खाली गेला. पण बुडाला नाही. बाहेर आला! वरच्या वळणावरच्या त्याच्या दोस्ताला, तुसेंला, तो काठावर बसल्या जागी गोठलेला सापडला. पुढ्यात काटक्या रचलेल्या — बारीक खाली, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या, नेहमी रचायचा तशाच. हातात पोलाद. चकमकीच्या डबीत पाणी, चिंध्यांचा लगदा झालेला. बाकी सगळं तयार होतं.

तुसेंनं चकमक आणून दिली. खिळ्याला अडकवली आहे. मी तिला हात लावत नाही. माझी वेगळी आहे.

२० ऑक्टोबर

काल जास्त लिहिलं. आज सशांचे फासे पाहिले. एक ससा.

२७ ऑक्टोबर

सासूचे हात फार बारीक झालेत. वाळवलेले मासे आहेत, पण चरबी नाही. बीव्हरची चरबीदार शेपटी खाऊन किती काळ झाला, ती मोठ्यानं आठवत होती. "आत्ता कुणी शेपटी भाजून दिली तर मी त्याच्याशी लग्न करीन. मग तो तुसें का असेना!"

मी हसले नाही. हसायला हवं होतं.

बीव्हर ओढ्यावर आहेत. ओढ्याचं तोंड जवळ आहे, पण त्यांचे बंधारे वर, दिवसभराच्या वाटेवर. जाऊन, सापळे लावून, उचलून यायचं तर मुक्काम आला. तेवढा वेळ निखारे राखेखाली टिकत नाहीत. सासू म्हणते, "मी आहे ना." पण ती बसल्या जागी झोपते, आणि झोपली की तोफ डागली तरी उठत नाही.

१ नोव्हेंबर

आज सर्व संतांचा सण, म्हणजे तुसेंचा नावाचा दिवस. वरच्या वळणावरून चालत आला, बाझीलच्या वेळी यायचा तसाच. माझ्या हातचा रस्सा खाल्ला, ससा कमी म्हणून कुरकुर केली, मग बोटं चाटली. निघताना दारात थांबला.

"वहिनी, रागावू नका. ओढ्यावर एकही सापळा नाही."

"माहीत आहे."

"बर्फ जाड झालं आणि पाण्यात कुणाचेच सापळे नसले, तर ज्याला हवं तो लावणार. ही रीत मी नाही केली. बाझीलनं मागं म्हाताऱ्या कार्दिनालचा ओढा असाच घेतला होता."

"म्हणजे तू लावणार."

"मी सेंट मार्टिनच्या सणापर्यंत, अकरा तारखेपर्यंत थांबतो. इतर थांबणार नाहीत." मग चुलीकडे बघून हळूच म्हणाला, "तो विस्तव म्हणजे बाझील नाही, वहिनी."

आतून सासू ओरडली, "दार लाव मेल्या, आहे तोही विझेल!"

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. पाद्री इथून फार लांब. प्रार्थना मीच वाचली. बाझीलनं लाल नदीच्या मिशनमधून आणलेलं पुस्तक. त्याला वाचता येत नव्हतं, चित्रं आवडली म्हणून आणलं. अक्षरं मी एकेक करून स्वतःच लावली. सासूला लॅटिन कळत नाही, मलाही फारसं नाही. पण ती शेवटपर्यंत डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती.

नंतर मी चुलीशी बसून त्याला ओढ्याचं सांगितलं. मी सांगते त्याला सगळं. निखारा फुटला की वाटतं, हुंकार दिला. वेडेपणा आहे, कळतं मला. पण त्या जाळाची ऊब अंगावर आली की पाठीमागे तो बसल्यासारखं वाटतं, ओल्या कातड्याचा वास घेऊन. एवढंसं काहीतरी राहू दे ना माणसाला.

७ नोव्हेंबर

गेले होते. सापळे पाठीवर, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे पायात. सासूला शपथ घालून निघाले होते. बीव्हरच्या पहिल्या बंधाऱ्यापर्यंत पोचले. तिथे हिमवर्षाव सुरू झाला, आणि मला दिसलं — चुलीत राख, राखेत काळे कोळसे. सापळे झाडाला टांगले. उलटी फिरले. पळत आले.

चूल पेटलेली. सासू जागी. माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं.

"सापळे कुठायत?"

मी सांगितलं. तिनं चुलीत एक लाकूड सारलं.

१० नोव्हेंबर

सासूनं आज ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "जोझेत, तो विस्तव विझलाय."

मी चुलीकडे पाहिलं. चांगला पेटला होता.

"आत्ता नाही. उन्हाळ्यात. त्या झडीत तू जाळ्यांवर होतीस. आळंबी हातात घेतली, तर गार. खिळ्यावरची चकमक मी तेव्हा बरोबर घेतली होती. पेटवली. इथे आल्यावर परत एकदा विझला. माझा डोळा लागला होता. परत पेटवला."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी विचारलं, "मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू त्याच्याशी बोलत होतीस, पोरी. विझलाय म्हटलं असतं तर कुणाशी बोलली असतीस? माझ्याशी? मला तू 'जेवलात का' एवढंच विचारतेस."

मग म्हणाली, "त्याला चकमक झाडायला मी शिकवलं. डावखुरा होता. फार मार खाल्लान माझा. तो जाळ त्याच्या हातचा नाही, माझ्या हातचा आहे. तुला चालत नसेल तर ओत पाणी."

११ नोव्हेंबर

सेंट मार्टिन. आज तिच्याशी बोलले नाही. चुलीशीही नाही.

१५ नोव्हेंबर

बारा तारखेला उजाडताच मी निघाले. झाडावरचे सापळे काढले, बर्फ फोडून ओढ्यात लावले. बाहेरच मुक्काम केला, माझा जाळ मीच केला. बीव्हर घेऊन परतले तेव्हा घरात चूल पेटलेली होती. मधे विझली होती का, ते विचारलं नाही. शेपटी भाजून सासूच्या ताटात वाढली, तिच्याशेजारी बसले आणि बाझील लहानपणी कसा होता ते विचारलं.