वर्तुळ नसलेली प्लेट

३ मार्च

आज नोकरीचा पहिला दिवस. शर्टाला इस्त्री ताईने केली, बुटांना पॉलिश मी. रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या पलीकडे आमची प्रयोगशाळा आहे. खिडकी एकच, तिच्यातून लोकांचे फक्त पाय दिसतात. तरी जागा मला आवडली. सगळं जिथल्या तिथे.

ताई इथेच सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिनेच माझ्यासाठी शब्द टाकला, नाहीतर बारावी अर्धवट सोडलेल्याला कोण विचारतो. आई गेल्यापासून मला तिनेच वाढवलं. माझ्यामुळे तिला खाली बघायला लागू नये, एवढंच माझ्या मनात आहे.

संध्याकाळी तिने शिरा केला. मी सगळ्यांच्या वेलांट्या सुधारत बसतो, म्हणून म्हणाली, आता माझा भाऊ जंतूंनाही वेलांट्या शिकवणार.

५ मार्च

काम समजलं. पोटात पू झालेल्यांचा पू आणि लघवीच्या त्रासाच्या रुग्णांची लघवी आमच्याकडे येते. त्यांतले जंतू काचेच्या झाकणाच्या बशीत, जेलीसारख्या थरावर पसरून वाढवतात. बशीला इथे प्लेट म्हणतात. थरावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या आणि प्लेट उबदार कपाटात पालथी ठेवायची. सकाळी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ पट्टीने मोजायचं हे माझं काम. वर्तुळ नसेल तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. कोणती औषधं निकामी होत चालली आहेत याचा हिशोब डॉक्टर मॅडम ठेवतात, म्हणजे वरच्या डॉक्टरांना काय द्यायचं ते कळतं.

मला शिकवतात ते जुने तंत्रज्ञ. सगळे त्यांना नाककाका म्हणतात. मॅडम मीटिंगला गेल्या की ते झाकण उघडून प्लेट हुंगतात आणि यंत्राच्या आधी जंतू ओळखतात. मॅडमनी याला सक्त मनाई केली आहे. काकांचं म्हणणं, मॅडमचं शिक्षण डोळ्यांत आहे, आपलं नाकात. मलाही एक प्लेट हुंगायला लावली. मी नको म्हणालो तर म्हणाले, पंतोजी, नवरीसारखे लाजताय काय.

हुंगली. द्राक्षांसारखा वास होता. मग साबणाने नाक धुतलं.

९ मार्च

ताईच्या वॉर्डातला एक ट्रकचालक. आतडं फुटलं होतं, पोट उघडून साफ केलं. त्याच्या पुवाची प्लेट आज मोजायला घेतली, तर मोजायला काहीच नव्हतं. एकाही चकतीला वर्तुळ नाही. बाकी सगळं हरल्यावर द्यायचं म्हणून मॅडम ज्याला राखीव औषध म्हणतात, त्यालाही नाही. उलट चकतीभोवतीच साय जास्त जाड होती. कडेची सगळी तिकडे सरकल्यासारखी.

मॅडमनी चाचणी पुन्हा लावली. त्या गेल्यावर काकांनी झाकण उघडलं आणि प्लेट बराच वेळ नाकापासून हलवलीच नाही. म्हणाले, असा वास आयुष्यात आला नाही, घ्या. मी घेतला. ओल्या लोखंडासारखा. वाईट नव्हता.

आज नाक धुवायचं राहिलं.

११ मार्च

ट्रकचालकाने वॉर्डबॉयचा अंगठा तोडला. दातांनी. ताई सांगते, माणूस इतका गरीब की पाणी मागतानाही बाई, त्रास देतो असं म्हणायचा. वॉर्डबॉय पट्टी बदलायला वाकला आणि याने अंगठा तोंडात धरला तो तुटेपर्यंत सोडला नाही. मग शांतपणे चावत बसला. मॅडम म्हणतात, जंतू रक्तात गेले की भ्रम होतो, माणूस कुणाला ओळखत नाही. ताई म्हणाली, पण त्याने ओळखलं होतं. नावाने हाक मारून जवळ बोलावलं होतं.

मी ताईला म्हटलं, रजा घे. ती हसली. म्हणाली, रुग्ण चावतात म्हणून सिस्टर घरी बसल्या तर रुग्णालयं बंद होतील.

१२ मार्च

अहवाल द्यायला वर गेलो होतो. लघवीचा त्रास असलेली एक आजी, ताईच्याच वॉर्डात, ट्रकचालकाच्या खाटेलगतच्या पडद्यापलीकडे, बायकांच्या बाजूला. तिने सलाइनचा स्टँड उचलून शेजारच्या बाईच्या तोंडावर मारला. पुन्हा पुन्हा, उखळात मुसळ मारावं तसा. एवढीशी आजी, मनगटं काडीसारखी. दोन माणसांना आवरेना. जमिनीवर दात पडलेले मी पाहिले.

सगळे भिंतीकडे सरकले होते. आजीच्या खाटेभोवती मोकळी फरशी, अगदी गोल. मनात आलं, पट्टी लावून मोजलं पाहिजे.

ताई त्या गोलात गेली. आजीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजीने तिला काही केलं नाही. या वेळी.

१४ मार्च

आजीची प्लेट तशीच. वर्तुळ नाही. ट्रकचालक पहाटे गेला. काका कुणाशी बोलत नाहीत. दर थोड्या वेळाने कपाट उघडतात, पालथी प्लेट सुलटी करतात, झाकण काढतात. मी मॅडमना सांगणार होतो. पण मग मीही हुंगतो हे निघालं असतं.

सकाळी ताईने चहाचा कप माझ्यापुढे जरा आपटला. मी तिचं मनगट धरलं. हाड हाताला लागलं आणि मला बरं वाटलं. ती म्हणाली, अरे, दुखतंय. मग सोडलं. लगेच नाही.

लघवी करताना जळजळ होते. ताप आहे. कुणाला सांगितलं नाही.

१५ मार्च

हे नीट लिहितो. नीट लिहिता येतंय तोवर मी ठीक आहे.

मॅडमनी काकांना हुंगताना पकडलं. रागावल्या नाहीत, फक्त प्लेट मागितली. काकांनी मॅडमचा हात भांडी उकळायच्या मोठ्या कुकरच्या तोंडात घातला आणि झाकण आपटलं. मॅडम ओरडल्या. काकांनी पुन्हा आपटलं. मी सूक्ष्मदर्शक उचलला आणि काकांच्या डोक्यात घातला. ते पहिल्याच घावात पडले.

मी थांबलो नाही.

सगळे म्हणतात, पोराने मॅडमना वाचवलं; पोलिसांनीही तेवढाच जबाब घेऊन ताईबरोबर घरी सोडलं. मला तेव्हा मॅडम दिसतही नव्हत्या. काकांचं नाक कुठे होतं ते शेवटी कळत नव्हतं. वास मात्र येत होता. ओलं लोखंड.

ताईने माझे हात धुतले. एकेक नख. मी तिच्या मानेकडे पाहत होतो.

१६ मार्च

भांडी धुवायच्या खोलीत आहे. सकाळी कामावर आलो, ताईपासून दूर जावं म्हणून. रुग्णालयाचा दुरुस्तीवाला प्रयोगशाळेचं दार उघडून देत होता. त्याने पाठीवर थाप मारली, शाबास म्हणाला. त्याचा डोळा — नळीच्या तुटलेल्या काचेने —

आतून कडी लावली आहे. दाराला काच आहे. बाहेर लोक. सगळे मागे सरकलेत. दारापुढे मोकळी फरशी. गोल.

चकती मी —

परत लिहितोय.

ताईला बोलावू नका असं ओरडलो. बोलावलंच कुणीतरी. ती मागून वाट काढत येतेय. तिला धरतात, ती हात झटकते.

वर्तुळात आली. एकटी. ती दाद देत नाही. लहानपणीही तापात माझ्या अंथरुणात —

म्हणते, उघड, मी आहे.

लिहिता येतंय. वेलांटी बरोबर आहे. तिला सांगायचं, जा. एवढंच. दाराशी जाऊन सांगितलं. तोंडातून आलं, ये ताई. गोड आवाजात. ट्रकचालकाने बोलावलं तसं.

हात कडीवर. डावा. उजव्याने हे लिहि

ताई, जा. ताई, ज