चार मिनिटं वीस सेकंदांची मुस्कटदाबी

माझ्या पस्तीस वर्षांच्या एकनिष्ठ विरोधकास, उभ्याने नमस्कार (बसून केलेला तू मानणार नाहीस).

तुझा गुडघा आता वाकत नाही असं वहिनींनी कळवलं. मान तर कधीच वाकत नव्हती, तेव्हा गुडघ्याचं फार मनावर घेऊ नकोस. माझं म्हणशील तर रक्तदाब उत्तम आहे, म्हणजे भरपूर आहे. चार दात गेले, पण ते बोलताना आडवेच येत होते. वहिनींना नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच, म्हणजे तुला मधली पानं गाळता येणार नाहीत.

या निवृत्तांच्या निवासात बेचाळीस खोल्या आहेत, आणि दर गुरुवारी चार वाजता मी वाचनालयात कॅमेऱ्यासमोर उभा राहून तासभर व्याख्यान देतो. ते प्रत्येक खोलीतल्या टीव्हीवर नऊ नंबर दाबला की दिसतं. मी आजवर स्वातंत्र्यावर बोललो, विवेकावर बोललो, सार्वजनिक नळाच्या गळतीवर सलग तीन गुरुवार बोललो. बेचाळीस खोल्या मला ऐकतात अशी माझी समजूत होती (कोणी विचारायला आलं नव्हतं, त्यामुळे ती टिकूनही होती). तर मागच्या महिन्यात व्यवस्थापकाने मला बोलावलं. हा माणूस प्रत्येक शब्द सही केल्यासारखा बोलतो. त्याचं म्हणणं, गुरुवारी चार ते पाच फोनमध्ये खरखर होते, औषधखोलीतला संगणक अडकतो आणि मुख्य दरवाजा कोणाचंही कार्ड ओळखत नाही. परवा डॉक्टरच वीस मिनिटं बाहेर उभे होते. मी म्हणालो, हा विचारांचा प्रभाव आहे. तो म्हणाला, हा तारांवरचा भार आहे. आणि त्याने तारांचं काम करणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाई स्वतःची शिडी स्वतः घेऊन आल्या, तोंडात एक स्क्रू धरून. वाचनालयामागचं कपाट उघडलं. आत जो स्विच आहे तो दिव्याचं बटण नव्हे बरं का. ती एक पसरट लोखंडी पेटी आहे, आणि इमारतीतली प्रत्येक तार तिच्यात येऊन अडकते. माझं व्याख्यान म्हणे मल्टिकास्ट पद्धतीने निघतं, म्हणजे एकदाच पाठवायचं आणि ज्यांना हवं त्या सगळ्यांना पोचवायचं. पण हवं कोणाला हे पेटीला ठाऊकच नव्हतं, म्हणून ती ते सरसकट प्रत्येक तारेत ढकलत होती. फोनना, धुलाईच्या यंत्राला, दवाखान्यातल्या वजनकाट्याला. "काका, तुमचं भाषण दरवाज्यालाही जातंय," बाई म्हणाल्या. "तो बिचारा ते घेत बसतो, कार्ड कधी वाचणार?" खरं सांगतो, मला गहिवरून आलं. वजनकाट्यापर्यंत पोचलेला वक्ता तू दुसरा दाखव.

उपाय असा, की पेटीने श्रोत्यांच्या गटाची नोंदवही ठेवायची. ज्या खोलीत नऊ नंबर लागला तिथला टीव्ही पेटीला कळवतो, मला हवंय. पेटी ती तार लिहून घेते आणि फक्त तिथेच व्याख्यान सोडते. शिवाय दर दोन मिनिटांनी ती सगळ्यांना विचारते, अजून कोणी घेतंय का? टीव्ही उत्तर देतो, नाव राहतं. नाही दिलं, तर थोडी वाट पाहून नाव कमी. बाईंनी हे सगळं चालू करून दिलं आणि शिडी उचलून गेल्या. इथे व्यवस्थापकाचे डोळे चमकले. नोंदवही म्हटली की मोजता येतं! पुढच्या महिन्याच्या अखेरीस नोंदीत पाच खोल्या नसल्या तर गुरुवारचा तास खुर्चीत बसून हात वर करण्याच्या व्यायामवर्गाला देण्यात येईल, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना उठा म्हणून सांगितलं, त्याच्या जागी खुर्चीतला व्यायाम!

नोंदवहीला माझा विरोध नव्हता. मतदानालाही यादी लागते. पण तो प्रश्न! स्वतंत्र बुद्धीचा नागरिक विचारात गढलेला असताना दर दोन मिनिटांनी त्याच्या दारावर थाप मारून "आहात का?" म्हणून हजेरी घ्यायची? मी व्यवस्थापकाला यावर चाळीस मिनिटं सुनावलं (उभ्याने). त्यात जुलमी राजवटी आल्या, शाळेतली हजेरी आली, मेंढ्याही आल्या. शेवटी त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "ही चौकटीतली बरोबरची खूण काढून टाकली की प्रश्न बंद होतो. तुम्हीच काढा, या कागदावर सही करा आणि मला जेवू द्या." मी माझ्या हाताने खूण काढली. सहीसुद्धा ठळक केली.

पुढच्या गुरुवारी विषय होता 'सत्तेला कशाची भीती वाटते'. चौथ्या मिनिटाला मी व्यवस्थापनावर घसरलो, आणि तासभर असा काही घसरत राहिलो की घसा बसला. बाहेर आलो तर नर्सबाई (तीन नंबरच्या, चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या) म्हणाल्या, "व्यवस्थापकांचं नाव घेतलंत आणि तुम्ही गेलात."

"गेलो म्हणजे?"

"पडदा काळा. मी बंद करून परत लावला, तर परत आलात. पुन्हा गेलात. बारा-तेरा वेळा आणलं मी तुम्हाला."

त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. दर वेळी चार मिनिटं वीस सेकंद. मला आणखी पुरावा नको होता. पुढच्या गुरुवारी मी व्यवस्थापनाचा समाचार पहिल्याच वाक्यात घेतला, तर नेमका माळीबुवांची स्तुती करताना कापला गेलो. मी लाल शाईत 'मुस्कटदाबी' असा फलक लिहून जिन्यापाशी लावला. अकरा सह्या मिळाल्या (सात जणांना तो गरम पाण्याबद्दल वाटला होता). चार वाजल्यापासून चहापर्यंत उपोषणही केलं. एकच गोष्ट खटकत होती. नर्सबाईंकडे माझं एक वाक्य तुटलं होतं, तर उशिरा टीव्ही लावणाऱ्या शिंपीदादांकडे भलतंच. प्रत्येक खोलीत वेगळं वाक्य निवडून कापणारा माणूस! आयुष्यात पहिल्यांदा मला त्या व्यवस्थापकाबद्दल आदर वाटला.

शेवटी माझ्याच मागणीवरून बाई पुन्हा आल्या. अर्धं मिनिट पडद्याकडे पाहिलं आणि इतक्या हसल्या की तोंडातला स्क्रू पेटीत पडला. "काका, प्रश्न कोणी बंद केला?" मी व्यवस्थापकाकडे पाहिलं. व्यवस्थापकाने खणातून माझ्या सहीचा कागद काढला. अरे, तो त्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवला होता! मग बाईंनी समजावलं. चार मिनिटं वीस सेकंद ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याचं नाव पेटी पुसते. पेटीने विचारायचंच बंद केलं, म्हणून उत्तरं थांबली, म्हणून पेटीला वाटलं सगळे उठून गेले. "ते बसलेले आहेत हो," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही विचारलंच नाहीत, तर कळणार कसं?"

हे वाक्य मी तीन दिवस चघळतोय. पस्तीस वर्षं चौकात, मैदानात, गिरणीच्या फाटकाशी बोललो; एकदा तरी समोरच्याला विचारलं का, बाबा रे, आहेस का? मला गरजच पडली नाही. कारण तू मागच्या रांगेत बसून दर दोन मिनिटांनी उठायचास, "हरकत आहे!" म्हणून. मी समजायचो, हा माझं भाषण तोडतोय. गाढवा, तू ते तुटू देत नव्हतास. (हे वाक्य वहिनींपुढे दोनदा वाचू नकोस.)

बाईंनी खूण परत लावली आणि आता सगळं सुरळीत आहे. दरवाजा कार्ड वाचतो. परवाच्या गुरुवारी नोंदवहीत चार खोल्या निघाल्या, आणि मी चौकशीला बाहेर पडलो. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या आवाजाने छान झोप लागते, थांबलात की जाग येते. शिंपीदादा आवाज बंद ठेवून पाहतात. म्हणाले, सदरा दंडात घट्ट आहे, आणून द्या, उसवून देतो. सत्तावीस नंबरचं जोडपं माझा आवाज मोठा करून त्याच्या आडोशाने भांडतं. त्यांची भांडणं वैचारिक नाहीत, मी दाराशी उभा राहून ऐकलं. चौथ्या खोलीबद्दल चौकशी चालू आहे. पण खचलेला माणूस तुला पत्र लिहीत नाही, हे तू जाणतोसच.

गुडघा शेकत जा. उत्तर पाठव, विरोधी असलं तरी.

तुझा, अजून उभा असलेला,
वक्ता

ता. क. बारा नंबरची खोली रिकामी आहे. तळमजला, एकही पायरी नाही, तुझ्या गुडघ्यासाठीच बांधल्यासारखी. महिना संपायला नऊ दिवस आहेत. तू ऐकलंच पाहिजेस असं नाही. टीव्हीवर नऊ नंबर लावून ठेव आणि खुशाल वाचनालयात येऊन मागच्या रांगेत बस. खुर्ची मी पुसून ठेवली आहे.

ता. क. २. चौकशी पूर्ण झाली. चौथी खोली एकोणीस नंबरची, म्हणजे माझीच. टीव्ही चालू ठेवून मी व्याख्यानाला जात होतो. व्यवस्थापकाने ती नोंद लाल पेनाने खोडली. म्हणजे राहिल्या तीन, तू चौथा. तेरा नंबरही रिकामी आहे. तेव्हा वहिनींना हळूच विचार, इतक्या वर्षांनी वेगळी खोली घ्यायला त्यांची काही हरकत आहे का.

ता. क. ३. त्या लगेच "मुळीच नाही" म्हणाल्या, तर वाईट वाटून घेऊ नकोस. दोन मिनिटांनी पुन्हा विचार.