डबा आपोआप रिकामा झाला

शुक्रवार संध्याकाळ, १९८९, लालबाग

पुरती वाट लागली. छापखान्यातल्या नव्या कॉम्प्युटरवर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या सुहासची फिरकी घ्यायला मी त्याने आठवडाभर टाइप केलेला गणपती मंडळाचा अहवाल माउसने ओढून त्या डब्यात टाकला. वाटलं, त्याला जरा घाम फुटला की काढून देईन. चाळीतला डबा तरी सकाळपर्यंत तसाच राहतो ना? पण हा शहाणा सुहास मशीन बंद करून चहाला गेला. परत चालू केलं तर डबा रिकामा! बंद करताना आपोआप साफ होतो म्हणे. असला कसला डबा? कोणी बनवला?

अहवाल गेल्याचं कळताच मालक ओरडले, "सुहास, उद्यापासून येऊ नकोस!"

सुहास रडवेला झाला. "बाळ्या, तू तरी सांग रे, मी सगळं टाइप केलं होतं."

मी म्हणालो, "मला काय माहीत?"