आईचा पायगुण आणि तुमची गाडी

डोंबिवली, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९८

अण्णा, आज मला सुट्टी होती. सकाळी कपडे धुतले, गिरणीतून दळण आणलं. अकराच्या सुमारास तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची गाडी सुरू होईना. काल घातलेली झेंडूची माळ अजून बॉनेटवर होती. ते किल्ली फिरवत होते, गाडी टक् करून गप्प बसत होती आणि त्यांची बायको हातात पिशवी धरून बाजूला उभी होती, जणू तिचंच काही चुकलंय. मी खाली गेले. बॅटरीचं टर्मिनल ढिलं होतं, ते पान्याने आवळलं, गाडी सुरू झाली. "ताई, तुम्हाला हे कुठून येतं?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नोकरीच तसली आहे. वर आले, चहा केला आणि लिहायला बसले. आईला जाऊन आठ महिने झाले, तुम्हाला अकरा वर्षं. आई होती तोवर हे लिहावंसं वाटलं नाही. आता तुमची गाडी का सुरू होत नव्हती, ते तुम्हाला सांगते.

तुम्ही वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मेन्टेनन्सचे फोरमन. बंद पडलेलं मशीन तुमचा नुसता आवाज ऐकून चालू होतं, असं तुमची माणसं म्हणायची आणि ते तुम्हीच आम्हाला जेवताना सांगायचात. कारखान्यातल्या एका साहेबांची जुनी करडी गाडी तुम्ही घेतलीत तेव्हा आपल्या सोसायटीत दुसरी गाडी नव्हती. पहिलं वर्ष ती बरी चालली. मग कधी सुरू व्हायची, कधी नाही. किल्ली फिरवली की टक्, आणि पुढे काही नाही. चार जणांनी धक्का मारला की मात्र निमूट सुरू व्हायची. तुम्ही प्लग बदललेत, बॅटरी नवीन आणलीत, ठाकुर्लीच्या मेकॅनिककडून सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, दोनदा भरून घेतलात. कारखान्यातलं प्रत्येक मशीन तुम्हाला वश, आणि दारातलं हे ऐकत नव्हतं. मग कारण सापडलं. कारण आई होती.

तो रविवार मला आजही दिसतो. कल्याणला आजी दवाखान्यात आहे, आईने तिच्यासाठी मऊ खिचडीचा डबा केला आहे, ती चांगली साडी नेसून पुढच्या सीटवर बसली आहे. तुम्ही किल्ली फिरवता. टक्. पुन्हा टक्. कट्ट्यावर पेपर वाचणारे चौघे मान वर करतात. आणि तुम्ही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "उतर. तुझं बूड टेकलं की हिची दातखीळ बसते!" चौघेही हसले. आई उतरली, आणि उतरून तिनेही त्यांच्याबरोबर धक्का मारला. गाडी सुरू झाली. आता थांबवली तर परत बंद पडेल म्हणून तुम्ही तसेच निघून गेलात, डबा मागच्या सीटवर ठेवून. आई स्टेशनपर्यंत चालत गेली. ती दवाखान्यात पोचली तेव्हा तुमची तिच्या माहेरच्या सगळ्यांना हीच गंमत सांगून झाली होती.

तुमच्यासाठी ती गंमत होती. पण माणसं असली गंमत विसरत नाहीत. पुढच्या वर्षी मामाच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाच्या गाडीत आत्या म्हणून आई बसणार हे ठरलेलं होतं, तिच्या हातात करवलीचा कलश होता. मामा जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, रागावू नकोस. तू जरा मागच्या बसने ये. आज वाटेत काही खोळंबा नको." आईने कलश मामीच्या हातात दिला. तुम्ही दोन पावलांवर पान खात उभे होतात. त्यानंतर आई तुमच्या गाडीत बसली नाही, आणि कोणी बस म्हटलं तर "मला गाडी लागते" असं सांगायला लागली. तिला गाडी कधीच लागत नव्हती.

मी तोवर ठाण्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पुरा करून एका कारखान्यात टेस्टिंगला लागले होते. मी ॲडमिशन घेतली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मुलीला मीटर कसला वाचता येतोय? कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या तरी पुष्कळ." एका रविवारी दुपारी तुम्ही जेवून झोपला होतात. मी कारखान्यातून मागून आणलेला मीटर घेतला आणि आईला म्हटलं, खाली चल, नुसती किल्ली फिरव. ती नको नको म्हणत होती. शेवटी माझ्यासाठी आली, पदर खोचून तुमच्या सीटवर बसली, स्टिअरिंगला हात न लावता. मी बॉनेट उघडलं. बॅटरी ठणठणीत होती. सेल्फपर्यंत वायर ठीक होती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला आणि एक गाडीच्या पत्र्याला लावून मी म्हटलं, फिरव. टक् झालं आणि काटा सरकला. तिथे तो हलायला नको होता.

दर दसऱ्याला तुम्ही कारखान्यात सगळी मशीनं रंगवून घ्यायचात, आणि घरी गाडीही. बॅटरी काढायची, खालचा गंजलेला पत्रा खरवडायचा, त्यावर काळा ऑइल पेंट मारायचा, मग वायरी परत बांधायच्या, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. अर्थिंगची जाड वायर जिथे बोल्टने पत्र्याला बांधतात, तिथे उघड्या लोखंडाला लोखंड लागावं लागतं. तुम्ही तिथेही रंग देत होतात. दर वर्षी एक थर. सेल्फला लागणारा जोराचा करंट त्या रंगातून कधी जायचा, कधी नाही. धक्का मारून सुरू करायला तेवढा करंट लागत नाही, म्हणून धक्क्याने सुरू व्हायची. मी वायरचं टोक हाताने पिळून दाबलं आणि म्हटलं, आता फिरव. गाडी एका झटक्यात सुरू झाली. आईने दचकून दोन्ही हात वर घेतले. मी तिला बोल्ट दाखवला, रंग दाखवला. तिने रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नव्हतं ना ग?"

अण्णा, मला वाटायचं ती तुमचं बोलणं नुसतं सोसतेय. तिने ते खरं मानलं होतं. हे कळलं त्या क्षणी मी ठरवलं की तुम्हाला सांगायचं नाही.

काचपेपरने दहा मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. गाडी पुसायचं काम माझ्याकडे होतं. आई कुठे जायची असली की मी ते टोक पिळून घट्ट दाबून ठेवायचे. तुम्ही एकटे जायचे असलात की उलटं फिरवून रंगावर आणून ठेवायचे. आईला मी पुन्हा गाडीत बसायला लावलं. ती बसली की सुरू, ती नसली की टक्. सहा महिन्यांत कट्ट्यावरचे तेच चौघे बोलायला लागले. पहिल्या मजल्यावरचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, उगीच घाम कशाला गाळताय? वहिनींना बोलवा. त्यांचा पायगुण आहे." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत, आणखी चार वेळा किल्ली फिरवलीत, आणि मग इस्त्रीच्या कपड्यांत खाली उभे राहून वर हाक मारलीत, "अगं, येतेस का जरा? नुसती बस." आई गॅलरीत आली. शांतपणे म्हणाली, "कुकर लावलाय. शिट्ट्या मोजतेय." चौघे हसले. तेच चौघे, तेवढ्याच मोठ्याने. मी स्वयंपाकघरात होते. कुकर ओट्याखाली रिकामा होता. त्या दिवसाइतकी भूक मला आयुष्यात लागली नसेल. मी चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

मामाच्या धाकट्या मुलाच्या लग्नात आईला नवरदेवाच्या गाडीत पुढे बसवलं, मुद्दाम, शकुन म्हणून. तुम्ही मागच्या बसने आलात. मला अजून त्याचा आनंद आहे. तो लपवायचं काही कारण नाही.

हे दोन वर्षं चाललं. तुम्ही रिटायर झालात. दिवसभर बॉनेट उघडून उभे असायचात, एकेक भाग काढून पुसून परत लावायचात. दसऱ्याला पुन्हा रंग दिलात. एका संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा तुम्ही जिन्याशी उभे होतात, हात काळे, बनियनला ग्रीस. म्हणालात, "तुमच्या टेस्टिंगमध्ये असलं काही असतं का? बघतेस का जरा? मला काही उमगत नाहीये." इतक्या वर्षांत मला काही येतं हे तुम्ही पहिल्यांदा मान्य केलंत. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "मला मीटर वाचता येत नाही, अण्णा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला आठवलं की नाही ते मला कळलं नाही. "बरं," म्हणालात, आणि फडक्याने हात पुसत खाली गेलात.

आईने आतून ऐकलं होतं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "पुरे आता. माझं मिटलं." मी हो म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी वायर तशीच ठेवली, तिसऱ्या दिवशीही. तीन आठवड्यांनी सकाळी अंघोळीनंतर तुमच्या छातीत दुखलं. त्याचा गाडीशी संबंध नव्हता, शेजाऱ्यांनी रिक्षा आणली होती आणि ती लगेच निघाली होती. गाडी विकायच्या आदल्या दिवशी मी तो बोल्ट काढला, चार-पाच थर खरवडले, खाली चकचकीत पत्रा निघाला.

आईसाठी केलं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण ती पुरे म्हणाल्यानंतरचे तीन आठवडे तिच्यासाठी नव्हते. मी रोज संध्याकाळी जिना चढताना बघायचे, तुम्ही उभे आहात का. तुम्ही अजून एकदा विचारलं असतंत तर मी मीटर घेऊन खाली आले असते. माफी मागत नाही. विचारायला हवं होतंत एवढंच.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा इथेच थांबते. उद्या डब्याला मेथी आहे. जुडी ओली आहे, आजच निवडायला हवी. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसते.