बॅटरीचा दम

प्रिय शिवानी,

फोनवर तुझ्यावर खेकसलो, त्याला आज चार दिवस झाले. तेव्हापासून तुझ्या आईनं बोलणं टाकलंय, ताट तेवढं पुढ्यात आदळते. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर चढत नाही.

बेंदराच्या सणाला आलीस तेव्हा पोळी सोडून लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानातच बसलीस. बॅटरी आधी संगणकात चालवून बघायची, हे तुझं काम मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. दहा सेकंद वीज ओढायची, जरा थांबायचं, दहा सेकंद भरायची, पुन्हा थांबायचं. असे हजार झटके. प्रयोगशाळेतल्या खऱ्या बॅटरीच्या व्होल्टेजची रेघ निळी, तुझ्या संगणकाची लाल. सुरुवातीला दोघी जोडीनं चालत होत्या, शंभराव्या झटक्याला लाल भलतीकडेच. तीन आठवडे तू त्यापायी जेवणखाण विसरली होतीस.

मी सातवी पास माणूस, पण कागलच्या नाक्यावर तीस वर्षं बॅटऱ्याच बघतोय. तुला म्हणालो, ओढायचा झटका थांबला की निळी हळूहळू वर येते, तुझी लाल मात्र टुणकन उडी मारून जागेवर. बॅटरीला दम लागतो गं. तो खायच्या आत पुढचा झटका बसला की थकवा साठत जातो. तुझ्या संगणकाला दम लागणंच ठाऊक नाही.

हे कुठं शिकलात, असं विचारलंस, म्हणून कुणाला न सांगितलेलं तुला सांगितलं. दुकान नवं होतं. विजयसिंह पाटलांच्या ट्रॅक्टरचा स्टार्टर आठ-दहा वेळा मारून मी लगेच मीटरचा काटा बघितला, बॅटरी मेली म्हणालो आणि नवी त्यांच्या गळ्यात मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातली त्यांची जुनी सहज तपासली, तर ठणठणीत. तेव्हापासून स्टार्टर मारला की आधी चहा, मग काटा. गिऱ्हाइकांना वाटतं पिराजीला चहाची तलफ फार. पाटलांना मात्र कधी सांगितलं नाही, नाव जाईल म्हणून.

पुण्याला गेल्यावर तू त्या लाल रेघेला दम खायला शिकवलंस. हजार झटक्यांपर्यंत दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या, तो फोटो मी दुकानात लावलाय. बघणाऱ्याला काही कळत नाही, मीच थांबवून थांबवून सांगतो की हे माझ्या लेकीचं काम. खरं सांगतो, दुकान काढलं तेव्हासुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

मग त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, कंपनीच्या सभेला या, चहाची गोष्ट तुमच्याच तोंडून सांगा. तिथं माझं बिनसलं. कामाची गडबड आहे म्हणून खेकसलो, ते खोटं. ज्याचं नुकसान केलं त्यालाच सांगायची हिंमत झाली नाही, मग तुझ्या साहेबांपुढं कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

काल पाटलांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पिराजी, त्यो ट्रॅक्टरबी न्हाय आता. च्या घे की." मी कप रिकामा केला. तेव्हा पोरी, शुक्रवारी पहिल्या एसटीनं सभेला येतोय. माझी चूक मी सांगीन. तिचं काय केलंस, ते तू सांग.

तुझाच,
आप्पा